पांढरी चादर, फिकट निळं कापड

"डोळे उघडे पाहिजेत, दोन्ही. आणि कुणाचा हात दिसता कामा नये."

कल्याण पश्चिमेला शिवाजी चौकाजवळच्या फोटो स्टुडिओत मी भिंतीला टेकून उभी आहे. मधोमध टेबल, टेबलावर पांढरी शुभ्र चादर, चादरीवर माझ्या भाचीची तीन महिन्यांची लेक. स्टुडिओवाला स्टुलावर चढून कॅमेरा खाली रोखतो. जावईबापू खुळखुळा वाजवतात. बाळ खुळखुळा सोडून छताच्या पंख्याकडे टक लावून बघतं, मग जांभई देतं, मग डोळे मिटून घेतं. ताई, म्हणजे माझी थोरली बहीण, बाळाची आजी, हळूच तळपायाला गुदगुल्या करते. डोळे उघडतात. "हात काढा, आजी!" बांगड्यांचा हात मागे जातो आणि फ्लॅश उडतो.

"झाला हा अमेरिकन पासपोर्टचा. आता ओसीआयचा."

पांढरी चादर निघते. तिच्या जागी फिकट निळं कापड येतं. माप तेच, दोन इंच बाय दोन इंच. पण अमेरिकेला मागची बाजू पांढरीच लागते आणि ओसीआयला पांढरी चालत नाही, फिकट रंगाची लागते. स्टुडिओवाल्याला हे विचारावं लागत नाही. गोदरेज हिल, खडकपाड्याकडून अशी बाळं येत असतात, तो म्हणतो. बाळ निळ्या कापडावर पालथं पडायला बघतं. त्याला पुन्हा उताणं करतात. पुन्हा खुळखुळा, पुन्हा पंखा.

माझी भाची अमेरिकन नागरिक आहे. २००९ साली ती पीएच.डी.साठी बॉस्टनला गेली, संशोधनाच्या कामावर तिला ग्रीन कार्ड मिळालं आणि पुढे नागरिकत्व. परक्या देशाचं नागरिकत्व स्वेच्छेने घेतलं की भारताचं संपतं, असं १९५५च्या नागरिकत्व कायद्याचं नववं कलम सांगतं. तिने तिचा भारतीय पासपोर्ट रीतसर परत केला आणि ओसीआय, म्हणजे ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया, हे कार्ड घेतलं. जावई डोंबिवलीचे, ठाण्यात नोकरी करणारे, भारतीय. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून बाळ कल्याणात जन्माला आलं.

आता कायदा बघा. ३ डिसेंबर २००४पासून भारतात जन्मलेल्या मुलाचे आईवडील दोघं भारतीय असतील, किंवा एक भारतीय असून दुसरा बेकायदा स्थलांतरित नसेल, तर ते मूल जन्मतःच भारतीय. इथे बाप भारतीय, आई कायदेशीर कागदांवर राहणारी. अमेरिकेचा कायदा म्हणतो, लग्नाच्या जोडप्यात एक जण अमेरिकन असेल आणि त्याने मूल जन्मण्यापूर्वी अमेरिकेत एकूण पाच वर्षं, त्यातली किमान दोन वयाच्या चौदाव्या वर्षानंतर, प्रत्यक्ष काढली असतील, तर परदेशात जन्मलेलं मूलही जन्मतःच अमेरिकन. निळ्या कापडावर मूठ चोखत पडलेली ही पोर आत्ता दोन्ही देशांची आहे. तिने कुणाकडे अर्ज केलेला नाही, कुणाची परवानगी मागितलेली नाही.

भारतात दुहेरी नागरिकत्व नाही, हे वाक्य आपण सगळे सहज बोलतो. ते खरंही आहे. पण या पोरीच्या बाबतीत ते अजून लागू झालेलं नाही. ते लागू होण्याची वेळ जवळ येते आहे, आणि ती कशी येते ते मी गेले काही दिवस या घरात बसून बघते आहे.

*

पारनाक्याच्या जुन्या घरात रात्री जेवणाचं टेबल पुसून कोरडं केलं आहे. त्यावर फायली. भाची लॅपटॉप उघडून बसली आहे. परदेशात जन्मलेल्या अमेरिकन मुलाची नोंद वकिलातीत होते. तिचा अर्ज ऑनलाइन भरायचा, शंभर डॉलर भरायचे आणि मग मुलाखतीची तारीख मिळते. नोंदीने नागरिकत्व मिळतं असं नाही, ते जन्मानेच मिळालेलं असतं. वकिलात फक्त पुरावा तपासून दाखला देते. म्हणून सगळा भार पुराव्यावर.

आईने अमेरिकेत पाच वर्षं काढली, हे दाखवायचं कसं? विद्यापीठाची गुणपत्रकं, दरवर्षीचे पगाराचे आणि कराचे कागद, घरभाड्याचे करार. विद्यार्थी असतानाचे दिवसही धरतात, कारण मोजायचं असतं ते अंगाने तिथे असणं. तेव्हा पासपोर्ट कोणत्या देशाचा होता हे विचारत नाहीत. अर्जात तारखा मागतात, अमुक दिवसापासून अमुक दिवसापर्यंत. मधे जितक्या वेळा देशाबाहेर गेली तितक्या वेळा तो हिशेब तुटतो. भाचीचे जुने दोन भारतीय पासपोर्ट टेबलावर आहेत, रद्द झालेले, कोपरे कापलेले. ती एकेका शिक्क्यावर बोट ठेवते आणि जावई तारीख टिपून घेतात.

"डिसेंबर २०११. हे काय होतं?" जावई विचारतात.

कोणी बोलत नाही. मग ताई म्हणते, "आई गेली तेव्हा."

आमची आई. हिची आजी. ही बॉस्टनहून निघाली तेव्हा आई रुग्णालयात होती, पोचली तेव्हा बोलणं बंद झालं होतं, पण हिचा हात तिने धरून ठेवला होता. ते दिवस अमेरिकेतल्या वास्तव्यातून वजा होतात. भाची तारीख भरते, पुढच्या शिक्क्याकडे जाते. दिवाळीच्या सुट्ट्या, मावसभावाचं लग्न, कोविडच्या आधीची एक मे महिन्याची खेप. आमच्याबरोबर काढलेला प्रत्येक दिवस त्या हिशेबातून बाहेर जातो आहे. पाचच वर्षं लागतात आणि तिच्याकडे त्याहून कितीतरी जास्त आहेत, त्यामुळे काळजी काही नाही. तरी त्या यादीकडे बघताना माझ्या पोटात कालवतं.

भावोजी आतापर्यंत गप्प आहेत. मध्य रेल्वेतून निवृत्त झालेले, कायद्याचं कलम वेळापत्रकासारखं ओळीवर बोट ठेवून वाचणारे. ते चष्मा वर करतात.

"म्हणजे माझी नात परदेशी होणार."

"बाबा, ती आत्ता दोन्हीकडची आहे."

"आत्ता. आणि अमेरिकेचा पासपोर्ट हातात आला की?"

हाच खरा प्रश्न आहे आणि तो भावोजींनी नेमका विचारला आहे. नागरिकत्वाच्या नियमांत लिहिलंय की परदेशाचा पासपोर्ट घेतला, तर तेच त्या देशाचं नागरिकत्व स्वेच्छेने घेतल्याचा निर्णायक पुरावा मानायचं. सर्वोच्च न्यायालयाने हा नियम १९६२ सालीच वैध ठरवला आहे. मान न धरणाऱ्या बाळाने स्वेच्छेने काय घेतलं, असा प्रश्न वकील मांडतात, आणि माझ्या मते तो रास्त आहे. पण व्यवहारात दोन पासपोर्ट चालत नाहीत. भारतीय पासपोर्ट असेल तर तो परत करायचा आणि ओसीआय घ्यायचं. तो लपवून दोन्ही वापरणं पासपोर्ट कायद्याखाली गुन्हा ठरू शकतं.

"मग अमेरिकेचा घेऊच नका," भावोजी म्हणतात. "इथला घ्या. अठरा वर्षांपर्यंत तिकडची नोंद करता येते म्हणालात ना?"

"येते. पण जूनमध्ये मला दोन वर्षांसाठी बॉस्टनला जायचंय, बाबा. अमेरिकन नागरिकाने अमेरिकेत शिरताना अमेरिकेचाच पासपोर्ट दाखवायचा, असा त्यांचा कायदा. ती जन्माने अमेरिकन आहे, म्हणून भारतीय पासपोर्टवर तिला व्हिसा मिळणार नाही. आणि तिला इथे ठेवून मी जाणार नाही."

ताई स्वयंपाकघरातून ओरडते, "ते तर कोणी बोलूच नका."

भावोजी वहीत काहीतरी लिहितात. त्यांनी ओसीआयचे नियम छापून आणले आहेत. ओसीआय म्हणजे आयुष्यभराचा व्हिसा, कितीही वेळा येणं-जाणं, कितीही दिवस राहणं, पोलिसांत नोंदणी नको. मत देता येत नाही. निवडणूक लढवता येत नाही. शेतजमीन विकत घेता येत नाही. २००३च्या दुरुस्तीने कायद्यात आलेली ही सोय जानेवारी २००६मध्ये हैदराबादच्या प्रवासी भारतीय दिवसात प्रत्यक्ष सुरू झाली, आणि तेव्हापासून लोक तिला दुहेरी नागरिकत्व म्हणतात. ते तसं नाही. ४ मार्च २०२१च्या अधिसूचनेनंतर तर वैद्यकीय आणि अभियांत्रिकीच्या प्रवेशांत ओसीआय मुलांना अनिवासी भारतीयांच्या जागांवरच बसता येतं. सर्वोच्च न्यायालयाने ३ फेब्रुवारी २०२३ला त्या तारखेआधी कार्ड घेतलेल्यांना यातून वाचवलं. आमच्या बाळाला त्या निकालाचा उपयोग नाही.

"उद्या ही म्हणाली, मला डॉक्टर व्हायला जे. जे.ला जायचंय, तर?" भावोजी विचारतात.

"तर पाच वर्षं ओसीआय असलेल्याला इथे सलग वर्षभर राहून भारतीय नागरिकत्वासाठी नोंदणी करता येते. अमेरिकेचं सोडावं लागेल," जावई सांगतात. त्यांनीही वाचलंय.

भावोजी मान हलवतात. मग छापलेल्या कागदांतला आणखी एक काढतात. २०२४च्या ऑक्टोबरमधला सर्वोच्च न्यायालयाचा निकाल. आई पोटुशी असतानाच आईवडिलांनी सिंगापूरचं नागरिकत्व घेतलं, मुलगा १९९९ साली तिथे जन्मला, मोठा झाल्यावर त्याने भारताचं नागरिकत्व परत मागितलं. न्यायालय म्हणालं, कलम ८च्या त्या वाटेने नाही मिळणार, कारण ती वाट स्वतःहून नागरिकत्वाचा त्याग केलेल्यांच्या मुलांसाठी आहे. परदेशाचं घेतल्यामुळे ज्यांचं आपोआप संपलं, त्यांच्या मुलांना ती लागू नाही.

"आईबापाने कोणत्या कलमाखाली काय केलं, त्यावर पोराचं आयुष्य ठरतं," भावोजी म्हणतात. आवाज चढलेला नाही. फक्त कागद टेबलावर नीट जुळवून ठेवतात.

मला यात एका गोष्टीचं समाधान आहे आणि ते मी त्या टेबलावर बोलूनही दाखवते. हे सगळं आईकडून चाललं आहे. परदेशात जन्मलेल्या मुलाला भारतीय आईकडून नागरिकत्व मिळायला १० डिसेंबर १९९२ उजाडावा लागला. त्याआधी बापच लागत असे. अमेरिकेत हाच बदल २४ मे १९३४ला झाला. याच कल्याणात १८६५ साली जन्मलेल्या आनंदीबाई जोशी १८८३ साली अमेरिकेला गेल्या आणि १८८६ साली फिलाडेल्फियातून डॉक्टर झाल्या, तेव्हा ना इथल्या बाईला हा हक्क होता, ना तिथल्या. आज आमच्या पोरीची नोंद तिच्या आईच्या पुराव्यांवर होते आहे. जावई बाजूला बसून तारखा लिहून देत आहेत, हे मला फार आवडतं.

*

कल्याण-डोंबिवली महापालिकेच्या मुख्यालयाबाहेर, शंकरराव चौकात, भाची हातातलं जन्मप्रमाणपत्र उन्हात धरून तिसऱ्यांदा वाचते. मराठी आणि इंग्रजी, दोन्ही भाषांत. बाळाचं नाव. जन्मदिनांक. जन्मस्थळ कल्याण. वडिलांचं नाव. मग आईचं नाव, आणि त्यावर ती थांबते.

"बरोबर आहे, मावशी."

पहिलं प्रमाणपत्र आलं तेव्हा ते बरोबर नव्हतं. प्रसूती झाली त्या रुग्णालयाने नेहमीच्या सवयीने आईचं नाव नवऱ्याच्या नावा-आडनावासकट भरून पाठवलं होतं. भाचीच्या पासपोर्टवर माहेरचं आडनाव आहे, ते तिने बदललेलं नाही. दोन कागदांवर दोन बायका. हे बाळ याच बाईचं, हे वकिलातीला कसं कळणार? मग प्रतिज्ञापत्र, विवाह प्रमाणपत्र, पासपोर्टच्या प्रती, दुरुस्तीचा अर्ज, आणि नंतर वाट बघणं. खिडकीतल्या बाईंनी आज प्रमाणपत्र देताना स्वतःच तिच्याकडून स्पेलिंग वाचून घेतलं, एकेक अक्षर. १ ऑक्टोबर २०२३पासून जन्मलेल्यांसाठी जन्माची तारीख आणि ठिकाण यांचा हा एकच कागद सरकारी कामांत पुरेसा धरायचा, असा कायदा झाला आहे. त्यामुळे या एका कागदावरची चूक शाळेपासून पासपोर्टपर्यंत मुलाच्या मागे जाते.

*

सकाळी अंधारातच आम्ही निघतो. दुर्गाडी पूल, कोन, रांजनोली, मग माजिवडा. वर मेट्रोचे खांब, खाली ट्रकांची रांग. बाळ आईच्या मांडीवर झोपलेलं. ईस्टर्न एक्स्प्रेसवरून चुनाभट्टीच्या उड्डाणपुलाने गाडी बीकेसीत उतरते तेव्हा उजाडलेलं असतं.

अमेरिकन वकिलातीत मोबाइल नेता येत नाही, मोठ्या पिशव्या नेता येत नाहीत. आत जाणार फक्त तिघं. माझ्याकडे तीन मोबाइल, दोन पिशव्या आणि ताईने दिलेला मेथीच्या लाडवांचा डबा. फुटपाथवर माझ्यासारखे बरेच जण आहेत. व्हिसाच्या रांगेतले आईबाप छातीशी पारदर्शक फोल्डर धरून उभे आहेत. कोणी मनात उत्तरं घोकतंय. कोणी मुलाने व्हॉट्सॲपवर पाठवलेली यादी शेवटची वाचून मोबाइल बंद करतंय.

शेजारी बदलापूरच्या एक बाई येऊन बसतात. त्यांचे यजमान आत गेलेत, व्हिसासाठी. मुलगा न्यू जर्सीत, एच-वन-बी व्हिसावर. नात तिकडेच जन्मली.

"तिचं काही कागद-बिगद करावंच लागलं नाही, तिकडे जन्मली ना," त्या सांगतात. "पण त्या जानेवारीत मात्र..."

त्या जानेवारीत म्हणजे २० जानेवारी २०२५ला. तात्पुरत्या व्हिसावरच्या आईबापांच्या, यापुढे जन्मणाऱ्या मुलांना जन्माने नागरिकत्व देऊ नये, असा अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांचा आदेश निघाला. न्यायालयांनी तो लगेच अडवला. यांची नात त्याआधीच जन्मली होती, तिला धक्का नव्हता. पण सून दुसऱ्या खेपेला गरोदर होती. "मुलगा रात्री दोन-दोनला फोन करायचा. आई, बाळ कुठलंच नाही झालं तर?"

मी त्यांना सांगते की कुठलंच नाही असं होत नसतं. आईबाप दोघं भारतीय, म्हणजे तिथल्या भारतीय वकिलातीत वर्षाच्या आत जन्माची नोंद केली आणि बाळाकडे दुसऱ्या देशाचा पासपोर्ट नाही असं लिहून दिलं, की बाळ भारताचं नागरिक. हा मार्ग आपल्या कायद्यात आहे. बाई माझ्याकडे बघत राहतात. "हे कोणी सांगितलंच नाही हो," त्या म्हणतात. मला वाटतं, परदेशात मुलं असलेल्या घराघरांत हे ठाऊक असायला हवं. तिथल्या जमिनीने नाकारलं तरी आईबापाच्या नागरिकत्वाने मूल पदरात पडतं, हे त्या मुलाला फोनवर दोन वाक्यांत सांगता आलं असतं.

गोव्यात तर दोन देशांचा हा पेच घरोघरी आहे. जावयांच्या ऑफिसातला एक सहकारी मडगावचा. १९ डिसेंबर १९६१पूर्वी गोव्यात जन्मलेल्यांना पोर्तुगाल आपले मानतो. आजोबांच्या जन्माची लिस्बनच्या नोंदवहीत नोंद झाली की मग वडिलांची, मग मुलाची. त्या वाटेने गोव्याची कितीतरी माणसं युरोपात गेली आणि भारतीय पासपोर्टच्या घोळात अडकली. पोर्तुगीज कागद झाल्यावरही भारतीय पासपोर्ट वापरला म्हणून तो रद्द झाला, आणि पासपोर्ट परत केल्याचं प्रमाणपत्र नाही म्हणून ओसीआय मिळेना. २०२४मध्ये परराष्ट्र मंत्रालयाने रद्द केल्याचं प्रमाणपत्रही त्याजागी धरायचं ठरवलं, तेव्हा कोंडी थोडी सुटली. दोन देशांच्या मधे उभं राहून गप्प बसण्याची किंमत गोव्याने चुकती केली आहे.

ऊन पाठीवर येतं. बदलापूरच्या बाईंचे यजमान बाहेर येतात, हात वर करून. त्यांना व्हिसा मिळाला आहे. बाई उठताना माझ्याकडचा एक लाडू घेतात.

मग तिघं येतात. बाळ जागं, जावयांच्या खांद्यावर. भाचीचा चेहरा बघूनच मला कळतं.

"दोघांना उजवा हात वर करायला लावला, मावशी. सगळं खरं आहे अशी शपथ. मग जन्मप्रमाणपत्र, लग्नाचं, माझी गुणपत्रकं. शिक्के तर त्यांनी थोडेच बघितले. आणि आईच्या नावापाशी थांबून पासपोर्टशी ताडून बघितलं."

"म्हणजे ती दुरुस्ती..."

"ती नसती तर आज परत पाठवलं असतं असं मला वाटतं."

दाखला आणि पासपोर्ट काही आठवड्यांत येतील. सोळा वर्षांखालच्या मुलाच्या पासपोर्टला आई आणि बाप दोघांची संमती लागते. जावयांनी ती तिथेच सही करून दिली आहे. एका भारतीय बापाने आपल्या मुलीच्या अमेरिकन पासपोर्टवर सही केली. गाडीत बसल्यावर ते बराच वेळ खिडकीबाहेर बघत असतात. मी काही विचारत नाही.

*

निळा पासपोर्ट कुरिअरने येतो त्या संध्याकाळी पारनाक्याच्या घरात पुन्हा टेबल पुसलं जातं. आत बाळाचा पांढऱ्या चादरीवरचा फोटो, डोळे टक्क उघडे. भावोजी पानं उलटून बघतात. सगळी कोरी.

"भारतात आल्याचा शिक्का नाही यात."

"ती आली कुठे, बाबा? इथेच जन्मली."

तेच अडचणीचं आहे. परदेशी पासपोर्ट आहे, पण त्यावर भारतात शिरल्याची नोंद नाही, व्हिसा नाही. विमानतळावर विचारणारच. म्हणून आधी परदेशी नागरिकांच्या नोंदणी कार्यालयाकडे ऑनलाइन अर्ज करून बाळाचं इथलं राहणं नियमात बसवायचं, मग ओसीआय. जावई पंधरा हजार रुपये भरतात. अर्ज भारतातून केला तर ओसीआयची फी तेवढी आहे.

आता सहीचा चौकोन. सही न येणाऱ्या बाळाचा अंगठा चालतो. ताई शाईचं पॅड आणते. बाळाची मूठ घट्ट. भाची एकेक बोट सोडवते, अंगठा बाहेर येतो, तांदळाच्या दाण्याहून थोडा मोठा. पॅडवर टेकवला की बाळ मूठ पुन्हा मिटतं आणि शाई तळहाताला, बाहीला, आजीच्या पदराला. दुसरा कागद. तिसरा. चौथ्या कागदावर चौकोनाच्या आत एक स्वच्छ ठसा उमटतो, रेषा मोजता येतील इतका. भावोजी तो कागद दोन्ही हातांनी उचलून पंख्याखाली वाळवतात.

"वीस वर्षांची होईपर्यंत दर नव्या पासपोर्टला माहिती अपलोड करायची," ते जावयांना सांगतात. "विसराल. मी वहीत लिहून ठेवतो." आणि लिहून ठेवतात. त्याच वहीत त्यांनी आणखी एक पान केलंय. जन्मतारीख, कल्याण, आईवडिलांची त्या दिवशीची नागरिकत्वं, कोणता पासपोर्ट कधी घेतला आणि का, ओसीआयचा अर्ज कधी केला, पुन्हा भारतीय व्हायचं असेल तर कोणतं कलम. अठराव्या वर्षी हे पान तिच्या हातात द्यायचं, असं त्यांनी सगळ्यांकडून कबूल करून घेतलंय. त्यांना हा निर्णय पटलेला नाही, अजूनही नाही. पण तो उघडपणे झाला, सगळ्यांसमोर, कागद समोर ठेवून, म्हणून त्यांनी तो मानला. मलाही हेच योग्य वाटतं. दोन पासपोर्ट गुपचूप कपाटात ठेवणारी घरं मी पाहिली आहेत, आणि त्यांतल्या मुलांना मोठेपणी विमानतळावर जे ऐकावं लागतं तेही ऐकलं आहे.

तुमच्या नात्यात, शेजारात असं बाळ येणार असेल, तर आईबापाचे जुने पासपोर्ट, रद्द झालेले असले तरी, टाकू देऊ नका. आणि प्रसूतीआधीच्या धावपळीत एक माणूस नेमून ठेवा, जो रुग्णालयाच्या जन्मनोंदीच्या अर्जावर आईचं नाव तिच्या पासपोर्टशी अक्षरन् अक्षर ताडून बघेल. अर्ज महापालिकेकडे जाण्यापूर्वी हे पाच मिनिटांचं काम आहे. गेल्यानंतर ते आठवड्यांचं होतं.